मंत्र्यांची खिल्ली उडवणारा बार्शीचा मेहबूब : शाहीर अमर शेख

सिन्नरमध्ये नगरपरिषदेची निवडणूक लागली की चहाच्या टपरीवर बसायला जागा मिळत नाही. बसस्टँडजवळ असो की मोहल्ल्याच्या तोंडाशी, इशाची नमाज झाली की बाकडी भरतात आणि कार्यक्रम सुरू होतो. कोणत्या उमेदवाराने कितवा पक्ष बदलला, कोण पाच वर्षांनी पहिल्यांदा गल्लीत दिसला, कोणी कोणाच्या जनाज्याला खांदा देऊन फोटो काढून घेतला, यावर एकापेक्षा एक टोले बसतात. मोबाईलवर आलेले विनोद मोठ्याने वाचले जातात. हसून हसून पोट दुखतं. शेवटी एखादे चाचा ग्लास खाली ठेवतात आणि सगळे एका माळेचे मणी म्हणून विषय संपवतात. मंडळी उठते. मतदानाच्या दिवशी त्यातले निम्मे घरी झोपलेले असतात.

पुढाऱ्यांवर हसणं ही आपली जुनी सवय आहे आणि ती वाईट नाही. प्रश्न एवढाच आहे की हसून झाल्यावर काय? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच एका माणसाने आयुष्यभर गाऊन दिलं. त्याचं नाव मेहबूब हुसेन पटेल. महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. आज आपल्या मुलांना हे नाव विचारलं तर किती जणांना सांगता येईल, याची शंकाच आहे. म्हणून हा लेख.

मुनेरबीचा मुलगा

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी गावचा. घर गरीब. आईचं नाव मुनेरबी. शाळा-कॉलेजात मिळतं तसं शिक्षण या माणसाला फारसं मिळालं नाही, पण गाणं मिळालं आणि ते आईकडून मिळालं. जात्यावरच्या ओव्या, लोकगीतं, सणावाराची गाणी हे सगळं मुनेरबींच्या तोंडी होतं. आपल्याकडच्या जुन्या मुस्लिम घरांत हे नवीन नाही. घरात दखनी बोली आणि जात्यावर मराठी ओवी असं चित्र सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या आपल्या आज्यांनीही पाहिलेलं आहे. सिन्नरमध्ये तर विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन बसत आणि हात चालू असताना तोंडही चालू असे. त्या गाण्यांत सासू असायची, सावकार असायचा आणि गावचा पाटीलही असायचा. मोठ्या माणसाला चिमटा काढायची पहिली शाळा ही होती. मेहबूब याच शाळेत शिकला.

पोटासाठी त्याने मिळेल ते काम केलं. ट्रकवर क्लीनर झाला, गिरणीत मजूर झाला. तरुण वयातच स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला गेला. बार्शीच्या गिरणीत संप झाला तेव्हा पुढे उभा राहिला आणि त्याचं बक्षीस म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेला. तुरुंगात त्याची गाठ कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी पडली आणि विचारांना दिशा मिळाली. पुढे काही काळ कोल्हापूरच्या सिनेमा स्टुडिओतही नोकरी केली. मेहबूब पटेलचा अमर शेख झाला तो या सगळ्या प्रवासात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजकारणी माणसाची टिंगल करायला तसं काही लागत नाही. पण ज्याने क्लीनर म्हणून रात्री काढल्या, गिरणीत घाम गाळला आणि संपात तुरुंग पाहिला, त्याची टिंगल वेगळी असते. तिला वजन असतं. समोर बसलेल्या मजुराला कळतं की हा आपल्यातला आहे, हा वरून बोलत नाही.

सोंगाड्याला मंत्री भेटला

१९४४ च्या सुमारास मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तीन नावं मोठी : वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. एक मातंग समाजातला, एक मुसलमान. पण लालबाग-परळच्या चाळीत, गिरणीच्या गेटवर, शेतकऱ्यांच्या सभेत लोक त्यांना आपले शाहीर म्हणूनच ओळखायचे. अण्णाभाऊंच्या लेखणीतून वग आणि पोवाडे उतरायचे, गव्हाणकरही लिहायचे आणि गायचे, आणि अमर शेख यांचा पहाडी आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत पोचायचा. ते स्वतः गीतंही लिहीत.

या मंडळींनी काय केलं ते समजायला आधी जुन्या तमाशाची रचना समजली पाहिजे. सुरुवातीला गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन, गवळणीत कृष्ण आणि गवळणी, बतावणीत नुसती शाब्दिक मारामारी आणि वगात एक गोष्ट. या वगात बहुतेक वेळा एक राजा असतो, एक प्रधान असतो आणि एक सोंगाड्या असतो. सोंगाड्या दिसायला बावळट, पण राजाच्या तोंडावर खरं बोलायची परवानगी त्याला एकट्याला असते. राजा काही बोलला की सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ काढतो, लोक हसतात आणि हसता हसता राजाचा खोटेपणा उघडा पडतो. म्हणजे सत्तेची खिल्ली उडवण्याचं यंत्र महाराष्ट्रात आधीपासून तयार होतं. फक्त त्यातला राजा फार जुना झाला होता. लोकांना त्याच्यावर हसू यायचं, पण त्याच्याकडून काही येणं-जाणं नव्हतं.

लाल बावट्याच्या शाहिरांनी राजाला खाली उतरवलं आणि त्याच्या जागी आजचा माणूस बसवला : काळाबाजार करणारा व्यापारी, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी, दौऱ्यावर आलेला मंत्री, खादीच्या टोपीखाली धंदा लपवणारा देशभक्त. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यांची नावं नुसती वाचली तरी अंदाज येतो : 'शेटजींचे इलेक्शन', 'पुढारी मिळाला', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'देशभक्त घोटाळे'. गणातलं वंदन बदललं. देवाऐवजी मायभूमीला, कष्टकऱ्याला वंदन सुरू झालं. गवळण गळाली. सोंगाड्या मात्र राहिला, कारण त्याच्याशिवाय चालणारच नव्हतं. आता तो राजाऐवजी मंत्र्याला प्रश्न विचारू लागला.

आणि प्रश्न कसले? धान्य कुठे गेलं? रेशनवर कापड का नाही? भाव कोणी वाढवला? चाळीचं भाडं कोण घेतं? कामावरून काढलं ते कोणाच्या सांगण्यावरून? हसू यायचं ते मंत्र्याच्या उत्तरावर, आणि उत्तर ऐकून लोकांच्या लक्षात यायचं की आपल्याही वस्तीत असंच झालं आहे. इथे विनोद आणि हिशेब एकत्र होते. माणूस घरी जाताना विनोद विसरला तरी हिशेब विसरायचा नाही.

बंदी आली, नाव बदललं

ज्याच्यावर लोक हसतात त्याला ते फार दिवस सहन होत नाही. मुंबई राज्यात तेव्हा बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि गृहखातं मोरारजी देसाई यांच्याकडे होतं. मोरारजीभाई शिस्तीचे, दारूबंदीचे, साधं हसणंही जपून खर्च करणारे. स्वातंत्र्य मिळून थोडे दिवस होत नाहीत तोच तमाशावर सरकारची वक्रदृष्टी पडली. अश्लीलतेचं कारण पुढे करण्यात आलं. काही फडांत बीभत्सपणा होता, हे नाकारता येत नाही. पण लाल बावट्याच्या वगात अश्लील काही नव्हतं. जे होतं ते सरकारला अश्लीलाहून जास्त टोचणारं होतं. 'माझी मुंबई'सारख्या वगावर बंदी आली.

मग शाहिरांनी जे केलं तो स्वतःच एक विनोद होता. तमाशाला बंदी आहे ना? ठीक आहे, आम्ही तमाशा करत नाही, आम्ही लोकनाट्य करतो. तोच वग, तीच डफ-तुणतुण्याची साथ, तोच सोंगाड्या, फक्त पाटीवरचा शब्द बदलला. सरकारी हुकूमही राहिला आणि शाहिरांचा खेळही राहिला. मराठीत लोकनाट्य हा शब्द रुळला, त्यामागे ही हकीगत आहे. पुढे याच वाटेने मोठमोठे लेखक आणि नट गेले, प्रतिष्ठित नाट्यगृहांत लोकनाट्यं गाजली आणि त्यांतही मंत्री-पुढाऱ्यांची यथेच्छ धुलाई झाली. पण पायवाट पाडली ती या उपाशी मंडळींनी.

जाता जाता एक गंमत. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मोरारजी देसाई स्वतःच्या मतदारसंघात थोडक्या मतांनी पडले. आणि त्यानंतर त्याच वर्षी राज्याचे मुख्यमंत्री झाले. शाहिराने असा वग लिहिला असता तर लोकांनी अतिशयोक्ती म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या.

संयुक्त महाराष्ट्राचा आवाज

अमर शेख यांचं नाव घराघरांत गेलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मराठी भाषिकांचं मुंबईसह एक राज्य व्हावं ही मागणी होती. १९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि ती मागणी बाजूला पडली. नोव्हेंबरात मुंबईत मोर्चावर गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा रस्त्यावर रक्त सांडलं. या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली.

या काळात दोन माणसांच्या तोंडाला सरकार सर्वात जास्त घाबरायचं, असं जुनी मंडळी सांगतात. एक आचार्य अत्रे, दुसरे अमर शेख. अत्र्यांकडे 'मराठा' हे दैनिक होतं आणि व्यासपीठावर उभे राहिले की हजारोंना तासन्‌तास हसवत ठेवायची ताकद होती. मोरारजी देसाई, स. का. पाटील, यशवंतराव चव्हाण यांच्यापैकी कोणी त्यांच्या तावडीतून सुटला नाही. सभेत आधी अमर शेख यांचं गाणं व्हायचं, मैदान तापायचं, मग भाषणं. अण्णाभाऊंनी लिहिलेली 'माझी मैना' ही छक्कड अमर शेख यांच्या आवाजात महाराष्ट्रभर पोचली. गोष्ट साधी : पोटासाठी मुंबईला आलेला मजूर आणि गावाकडे राहिलेली त्याची बायको. पण गाता गाता ती बायको बेळगाव-कारवारची मराठी माणसं होऊन जाते, घरापासून तुटलेली. एवढं मोठं राजकारण मजुराच्या घरच्या दुःखातून सांगितल्यावर वेगळं समजावून सांगायची गरजच राहत नाही. अत्र्यांनी अमर शेख यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं, ते उगीच नाही. मायकोव्हस्की हा रशियातला क्रांतीच्या काळातला कवी, मैदानात उभा राहून कविता ऐकवणारा.

१९५७ ची निवडणूक आली तेव्हा हसण्याची किंमत कळली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे मोठमोठे गड पडले. आपल्या नाशिक मतदारसंघातूनही समितीच्या बाजूने दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले. लोक सभेत हसले, गाणं ऐकून रडले आणि मग रांगेत उभे राहून मत देऊन आले. तीन वर्षांनी, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. गोवामुक्तीच्या लढ्यातही अमर शेख यांचा डफ वाजत होता.

आणि मग लोक विसरले

इथपर्यंतची गोष्ट उत्साहाची आहे. पुढची तशी नाही आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

राज्य मिळालं आणि समिती विस्कटली. एका व्यासपीठावर बसणारे वेगवेगळ्या पक्षांत गेले. कालपर्यंत ज्यांच्या नावाने घोषणा दिल्या त्यांच्याच दारात काही जण रांगेत दिसू लागले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. आणि नाशिकने तर कमाल केली. लढ्याच्या काळात ज्या यशवंतराव चव्हाणांवर सभांमधून विनोदांचा पाऊस पडला होता, तेच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर १९६३ मध्ये याच नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. सहा वर्षांत सभेतली टिंगल संपली आणि स्वागताच्या कमानी लागल्या. चीनच्या युद्धानंतरचा तो काळ होता आणि यशवंतरावांकडे कर्तृत्व होतं, हेही खरं. तरीही राजकारणातल्या वाऱ्याचा भरवसा नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण जिल्ह्यात सापडणार नाही.

अशा वेळी माणूस कडवट होतो. आपल्या टपरीवरचे चाचा जे म्हणतात तेच म्हणू लागतो : सगळे एका माळेचे मणी, कशाला जीव जाळायचा. अमर शेख यांना असं वाटायला कारणं भरपूर होती. राज्यासाठी घसा फोडला, पण स्वतःला ना आमदारकी मिळाली ना मंत्रिपद. पैसा तर नव्हताच. पण त्यांनी कडवटपणाचा धंदा केला नाही. ते गात राहिले, लिहीत राहिले. 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक १९५१ मध्येच आलं होतं. 'कलश' १९५८ मध्ये आणि 'धरतीमाता' १९६३ मध्ये हे कवितासंग्रह आले. १९६१ च्या 'प्रपंच' या मराठी चित्रपटात त्यांनी काम केलं. 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही नियतकालिकं चालवली.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. सगळेच चोर आहेत असं म्हणणारा माणूस वरवर फार हुशार वाटतो. पण त्याच्या या हुशारीने खऱ्या चोराचा फायदा होतो, कारण सगळेच चोर असतील तर कोणा एकाला पकडायचं कारणच उरत नाही. शाहिराची खिल्ली उलटी चालायची. ती नेमकी असायची. कोणी धान्य लपवलं, कोणी गोळी चालवायचा हुकूम दिला, कोणी आश्वासन देऊन पाठ फिरवली, याकडे ती बोट दाखवायची. त्यामुळे हसून झाल्यावर माणसाला करण्यासारखं काहीतरी उरायचं.

आपण त्यांना आपलं का म्हटलं नाही?

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. अमर शेख यांची आठवण डाव्या चळवळीने ठेवली, शाहिरांनी ठेवली, मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. आपल्या समाजात मात्र त्यांचं नाव क्वचित निघतं. कारणं उघड आहेत. ते कम्युनिस्ट होते, तमाशाच्या मंचावर उभे राहत, जयकर घराण्यातल्या कुसुमताईंशी त्यांनी लग्न केलं. यातलं काही ना काही आपल्याकडच्या अनेकांना पटलं नसेल. पटलंच पाहिजे असंही नाही. पण न पटणं वेगळं आणि विसरून जाणं वेगळं.

कारण मराठी भाषेत गाणारा, लिहिणारा मुसलमान ही काही काल-परवाची गोष्ट नाही. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. पेशवाईच्या अखेरच्या काळातले नामांकित शाहीर सगनभाऊ हे मुसलमान, शिकलगार घरातले. अमर शेख याच माळेतले. मराठी भाषिकांच्या राज्यासाठी मैदानात सर्वात मोठा आवाज कोणाचा होता, असं कोणी विचारलं तर उत्तरात एक शेख येतो. शाळेत मुलांना त्यांच्या नावावरून कोणी तू इथला का, असं विचारलं तर द्यायला याहून साधं उत्तर कोणतं?

राहिला प्रश्न टिंगल करण्याचा. एका गटाने दुसऱ्याची टर उडवू नये, वाईट नावं ठेवू नयेत, अशी ताकीद कुराणशरीफातल्या सूरह हुजुरातमध्ये आहे, हे आपण सगळे जाणतो. आणि जुलमी सत्ताधाऱ्यासमोर हक्काची गोष्ट बोलणं हा मोठा जिहाद असल्याची हदीसही आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही एकत्र ठेवली की रेघ कुठे ओढायची ते कळतं. एखाद्याचं रूप, जात, धर्म, घरची बाई यांवर हसणं ही टर झाली. त्याच्या कारभारावर, खोट्या शब्दावर, गिळलेल्या पैशावर हसवणं म्हणजे सत्य थोडं गोड करून सांगणं. आपल्या उर्दू परंपरेत अकबर इलाहाबादी यांनी हेच केलं. स्वतः सरकारी न्यायाधीश असून साहेबांच्या मागे धावणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी शेरांमधून असे चिमटे काढले की ते शेर आजही लोकांच्या तोंडी आहेत. मोबाईलवर विनोद पुढे पाठवण्याआधी ही रेघ पाहिली तर अर्धे विनोद तिथेच थांबतील आणि उरलेले जास्त धारदार होतील.

आपल्या समाजाची एक अडचण आणखी आहे, ती सांगितली पाहिजे. सत्ताधाऱ्यावर हसायला इतरांना जेवढी मोकळीक वाटते तेवढी आपल्याला वाटत नाही. आपण आपसात हसतो, दार लावून हसतो. नाव पाहून कोणी भलता अर्थ काढेल ही धास्ती असते आणि ती अगदीच खोटी नाही. अमर शेख यांच्या काळातही फाळणीची जखम ताजी होती. तरी त्या माणसाने शेख हे नाव पुढे ठेवून, हजारोंच्या सभेत, मराठीत, मुख्यमंत्र्यांची खिल्ली उडवली आणि समोरच्या हिंदू-मुसलमान मजुरांनी ती आपलीच म्हणून उचलून धरली. कारण तो बोलत होता ते सगळ्यांच्या भाकरीबद्दल. भाकरीबद्दल बोलणाऱ्याचं आडनाव लोक विचारत नाहीत.

१९६९ चा पावसाळा

१९६९ साल महाराष्ट्राच्या हसऱ्या तोंडावर घाव घालून गेलं. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, वय अवघं ४८. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. त्यांना ५३ वं वर्षही पुरं झालं नव्हतं. अवघ्या अडीच महिन्यांत, एकाच पावसाळ्यात, मंत्र्यांची झोप उडवणारे तीन आवाज बंद झाले. बाकी राहिली गाणी, काही पुस्तकं आणि घरात वाढलेला वारसा. त्यांची मुलगी मलिका पुढे मराठीतली नामवंत कवयित्री झाली. ती आपलं नाव मलिका अमर शेख असंच लिहिते. वडिलांचं अख्खं नाव तिने स्वतःच्या नावात ठेवलं.

बाकड्यावर परत

सिन्नरच्या टपरीवर परत येऊ. पुढची निवडणूक येईल, बाकडी भरतील, विनोद सुरू होतील. होऊ द्या. चाचांना कोणी गप्प करू नका, ते बोलतात ते गमतीचं असतं. फक्त एक छोटा बदल करून पाहायला हरकत नाही. हसता हसता एक वही काढा. मागच्या वेळी वॉर्डात येऊन कोणी काय कबूल केलं होतं ते लिहा : नळाला पाणी किती दिवसांनी, गटार कोणत्या गल्लीपर्यंत, उर्दू शाळेची खोली, कब्रस्तानची भिंत, विडी कामगार बायकांची मजुरी. समोर झालं की नाही ते लिहा. उमेदवार मत मागायला आला की वही त्याच्यासमोर ठेवा आणि पोरांमधल्या एखाद्या तोंडाळ पोराला सोंगाड्याचं काम द्या. तो अगदी भोळेपणाने एकेक ओळ वाचेल आणि साहेबांकडे पाहील.

लोक हसतील. साहेबही हसतील, नाइलाजाने. आणि मग त्यांना उत्तर द्यावं लागेल.

येत्या २९ ऑगस्टला एखाद्या घरात, एखाद्या मदरशाच्या किंवा शाळेच्या ओट्यावर मुलांना दहा मिनिटं बसवून बार्शीच्या मेहबूबची ही गोष्ट सांगा. मुनेरबींपासून सुरुवात करा. आईच्या ओव्या ऐकत मोठा झालेला पोरगा पुढे सरकारला प्रश्न विचारू लागला, हे ऐकल्यावर त्यातल्या एखाद्या पोरीला, एखाद्या पोराला आपलाही आवाज मोठा करून पाहावासा वाटेल.